करवतीनं कोरलेल्या ढोल्या

करवतकाकांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी, दारावरची थाप, पावसाचा पत्र्यावरचा आवाज. उभं आयुष्य त्यांनी यंत्राच्या करवतीनं जंगलातली झाडं पाडली होती आणि कानात बोळे घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लाकडाच्या वखारीत सगळे त्यांना करवतकाकाच म्हणायचे. ठेकेदार तर चहा पिताना म्हणायचा, "याला शिवी दिली तरी हसतो. असा माणूस मिळायला भाग्य लागतं." काका त्यावरही हसायचे.

बायकोचं बोलणं त्यांना ओठांवरून कळायचं. ती समोर येऊन, हातातलं काम ठेवून बोलायची. शेवटच्या आजारपणात तिचे ओठ नीट हलेनात. एका दुपारी ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. काका तिचा हात धरून "हो, हो" म्हणत राहिले. दोन दिवसांनी ती गेली. आपण कशाला हो म्हटलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

मग घरात एक खुर्ची, एक ताट आणि मुलीचा रविवारचा फोन उरला. मुलगी शहरात. ओठ दिसावेत म्हणून ती व्हिडिओ कॉल करायची, पण स्वयंपाक करता करता फोन असा टेकवायची की काकांना अर्धा वेळ छतावरचा पंखाच दिसायचा.

त्याच वर्षी जुन्या जंगलाचा शेवटचा पट्टा तोडायला निघाला. तिथं नवी लागवड व्हायची होती. एका वयाची, एका मापाची झाडं, कवायतीला उभी केल्यासारखी. वठलेलं, पोकळ झाड म्हणजे किडीचं घर, म्हणून ते आधी पाडायचं, असा दंडक होता. काकांनी असंच एक थोराड झाड आडवं केलं. खोड आपटून फुटलं आणि ढोलीतून भर दुपारी वटवाघळं बाहेर सांडली. काही बावचळून उडाली, काही पालापाचोळ्यात फडफडत राहिली. एकीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. ती तोंड वासून ओरडत होती. काका वाकून अगदी जवळ गेले. तिचं तोंड हलत होतं, एवढंच त्यांना दिसलं.

त्यांनी करवत बंद केली आणि त्या दिवशी पुन्हा चालू केली नाही. ठेकेदार हातवारे करून थकला.

हे कानावर गेल्यावर वनखात्याच्या रेंजरनं वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. तिशीच्या असतील. गावात खोली मिळेना, म्हणून त्या काकांच्या मागच्या खोलीत राहिल्या. पहिल्याच दिवशी समोर बसून म्हणाल्या, "काका, माझ्या तोंडाकडे बघा. मी सावकाश बोलते."

"मी बघतोच, पोरी. लोकच तोंड फिरवतात."

एका संध्याकाळी त्यांनी काकांना उरलेल्या जुन्या झाडांपाशी नेलं आणि एका छोट्या यंत्राचा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

"वटवाघळाचा हा आवाज इतका बारीक असतो की मलाही ऐकू येत नाही. हे यंत्र तो खाली, जाड करून देतं."

"म्हणजे इथं आपण दोघं सारखेच बहिरे?"

"अगदी सारखे."

काकांनी आवाज पूर्ण वाढवला. आधी नुसती खरखर. मग टक, टक, टक. मग जवळ येत टकटकटक आणि शेवटी पिशवीची चेन ओढल्यासारखं झर्रकन. "किडा पकडला," बाई म्हणाल्या. डोक्यावरचं आभाळ बोलत होतं. काकांनी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला आणि मान वर करून आभाळाकडे बघितलं.

तिथून ते आधी तोडलेल्या जंगलाच्या जागी उभ्या राहिलेल्या लागवडीत गेले. पुन्हा हेडफोन. खरखर, बाकी काही नाही.

"बिघडलं का?"

"नाही, काका. इथं कुणी राहत नाही. या झाडांना ढोलीच नाही. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं."

काका म्हणाले, "मग आतापुरती करवतीनं कोरली तर?"

बाई हसल्या. काही ठिकाणी लोकांनी तसं करून पाहिलं होतं, कुठे जमलं, कुठे नाही. रेंजरनं उरलेली जुनी झाडं राखायचं कबूल केलं आणि काकांना त्या लागवडीतल्या जाड झाडांत ढोल्या कोरायची परवानगी दिली. खोडात पोकळी कोरायची, तिच्या तोंडावर त्याच लाकडाची फळी ठोकायची, खाली बोटभर फट ठेवायची. ठेकेदार म्हणाला, "जन्मभर झाडं पाडली, आता त्यांना खिडक्या काढतोय!"

पावसाळ्याआधी बाईंचं काम संपलं. जाताना त्यांनी काकांना मिठी मारली. मागच्या खोलीत त्यांची एक केसांची पिन राहिली. ती काकांनी खिडकीतच ठेवली.

पहिल्या वर्षी ढोल्यांत मुंग्या आल्या. दुसऱ्या वर्षी कोळी. थंडीत मुलगी त्यांना शहरात घेऊन गेली. जेवताना सगळे हसायचे आणि काका क्षणभरानं हसायचे. जावई भला माणूस, पण त्याला दाट मिशा. त्याचा एक शब्द दिसेल तर शपथ. महिनाभरानं काका परत आले.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका फळीखाली काळे, तांदळाएवढे दाणे पडलेले दिसले. बोटांत चुरले तर किड्यांच्या पंखांची चमकी. वटवाघळांच्याच लेंड्या. काका तिथेच खाली बसले. दिवस मावळल्यावर फटीतून एक वटवाघूळ घसरलं आणि उडालं. मग दुसरं, मग एकामागून एक. काका "बघ, बघ!" म्हणत बाजूला वळले. बाजूला लागवडीची रांग होती.

रेंजरला सांगितलं तर तो "वा!" म्हणाला आणि जीपमध्ये बसला. बाईंना फोटो पाठवला. त्या दुसऱ्या कुठल्या जंगलात होत्या, उत्तर चार दिवसांनी आलं, आनंदाचं आणि घाईचं.

रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आता कायमचे इकडे या. तिथं तुमच्याशी बोलायला आहे कोण?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "तरी नाही येत."

ती पुढे काहीतरी बोलली, पण तोवर फोन सरकला होता आणि पडद्यावर पंखा फिरत होता. काका फोन संपेपर्यंत त्या पंख्याकडे बघत राहिले. मग करवतीची साखळी काढून तिला धार लावायला बसले. टेकडीपलीकडच्या लागवडीत अजून एकही ढोली नव्हती.