भाता नसलेली पेटी

शनिवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या एका हॉटेलात आम्ही चौघं जुनी गाणी वाजवतो. चौघंही तळेगावचे, नोकरदार, पन्नाशीला आलेले. हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर पर्यटक जेवत असतात, मुलं पळत असतात, आणि कोपऱ्यात आम्ही. माझ्याकडे की-बोर्ड असतो.

हा की-बोर्ड ऑर्केस्ट्रातल्यासारखा शेकडो आवाज आणि तयार ताल भरलेला नाही. जुने विजेचे पियानो आणि जुने ऑर्गन जसे वाजायचे तसं वाजायचं, एवढंच त्याचं काम. त्या पियानोंत तारा नसायच्या. आत धातूच्या काड्या असायच्या, त्यांच्यावर हातोड्या पडायच्या, आणि भांड्याच्या कडेवर हलकेच बोट मारल्यासारखा गोल आवाज यायचा. ऑर्गनात दातेरी चाकं फिरायची. त्याचा कर्णा तर स्वतःभोवती फिरायचा, म्हणून सूर घुमायचा. ती सगळी धुडं दोन माणसांनाही उचलवायची नाहीत. माझं यंत्र मी खांद्याला अडकवून जिना उतरतो.

घरी मी हेडफोन लावून सराव करतो. बायकोला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. "त्यापेक्षा कोथिंबीर चिरून द्या, असाच आवाज येईल," ती म्हणते, आणि मला खरंच अपराधी वाटतं. मला कशानेही अपराधी वाटतं. कुणी रांगेत पुढे जाऊ दिलं तरी वाटतं. पण यंदा दिवाळीच्या आधी जे वाटलं त्याला कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचा आनंद मला सांगता येणार नाही.

माझी थोरली बहीण सोमाटण्याच्या आतल्या बाजूला, पवनेकडच्या एका गावात दिलेली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो, आणि आता सगळं गावच म्हणतं. तिथल्या महिला भजनी मंडळाची पेटी ती वाजवते. बायकांची मंडळं मावळात पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी गायला बायका आणि पेटीला, पखवाजाला कुणाचा तरी नवरा नाही तर दीर. आक्काच्या मंडळात पखवाजावर तिची धाकटी जाऊ बसते आणि पेटीवर आक्का. स्पर्धेत त्यांचं मंडळ मांडी घालून बसलं, की आधी समोरचे लोक शोधतात, वाजवणारे बाप्ये कुठे आहेत. मग शोधायचं थांबवतात. या गोष्टीचा त्या बायकांना केवढा अभिमान आहे ते मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

पावसाळ्यात आक्काचा डावा खांदा आखडला. आधी केस विंचरता येईनात, मग लुगडं वाळत घालता येईना. डॉक्टर म्हणाले, सुटेल, पण सावकाश सुटेल. पेटीचा भाता मागच्या बाजूला असतो. हात पुढे नेऊन तो सारखा ओढायचा, सोडायचा. आक्काचा हात तिथपर्यंत पोचेना. आणि दिवाळीनंतर लोणावळ्याला तालुक्याची स्पर्धा होती.

तिच्या जावेचा मला फोन आला. "भाऊ, आक्काचा खांदा काय सुटंना. तुमी बसता का पेटीवर?"

"बसतो," मी म्हणालो.

लगेच म्हणालो. आक्काला विचारलं का, हा प्रश्न मला फोन ठेवल्यावर सुचला. त्याहून वाईट म्हणजे मला आनंद झाला होता. आयुष्यभर आक्काच्या मागे बसून टाळ वाजवलेल्या माणसाला तिची जागा मिळत होती, आणि ती तिच्या दुखण्यामुळे मिळत होती, हे ठाऊक असूनही मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ते हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, "आक्कांना चालणारे?" मी संध्याकाळी आक्काला फोन केला.

"बस की," ती म्हणाली. "कोण नगं म्हणतंय?" आणि तिने तब्येतपाणी न विचारता फोन ठेवला. आक्का कधी असा फोन ठेवत नाही.

तालमी देवळाच्या सभामंडपात व्हायच्या. मी ऑफिस सुटल्यावर जायचो. आक्का खांबाला टेकून बसायची, डावा हात पदरात. मी वाजवायचो आणि बायका गायच्या, पण काहीतरी बिघडत होतं. हॉटेलात माझी सवय अशी, की गाणारा थांबला की मधली जागा आपण भरायची. मी इथेही भरत होतो. बायका दम घ्यायला थांबल्या की माझी बोटं पळायची.

"बारक्या," आक्का खांबापासून म्हणाली. पन्नासाव्या वर्षीही मी तिचा बारक्याच. "त्यांना जरा बोलू दी की. तू एकटाच बोलायलायस."

बायका हसल्या. जाऊ म्हणाली, "ऱ्हाऊ दी आक्का, हाटेलातलं हाय त्ये. ताट मोकळं दिसलं की वाढत्यात." अजून हसल्या. मीही हसलो, पण पुढच्या अभंगाला बायका माझ्याकडे न बघता आक्काच्या चेहऱ्याकडे बघून उठाव घेत होत्या, हे मला दिसत होतं. आणि आक्का चेहरा दुसरीकडे वळवत होती.

एका शनिवारी तालीम दुपारी ठेवली. तिथून मला परस्पर लोणावळ्याला जायचं होतं, म्हणून की-बोर्ड गाडीत होता. तालीम संपल्यावर जावेनेच हट्ट धरला, "आणा तरी, बघू तुमचं हाटेलातलं." मी यंत्र आणून सतरंजीवर ठेवलं, देवळातल्या बोर्डाला वायर लावली, छोटा स्पीकर जोडला. पायाने दाबायचं पेडलही जोडून खाली ठेवलं. त्याने आवाज लहानमोठा होतो.

आक्का जवळ आली. यंत्राच्या सगळ्या बाजू तिने वाकून बघितल्या. "भाता कुटंय ह्याचा?"

"भाता नाही, आक्का. विजेवर आहे."

तिने पदरातल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मला वाटतं, दोघांनाही ते एकाच क्षणी कळलं.

तिने यंत्राला हात लावून कपाळाला लावला आणि उजव्या हाताने एक पट्टी दाबली. विजेच्या पियानोचा सूर निघाला, गोड झाला आणि विरला. तिने पट्टी दाबूनच ठेवली होती. "मेला की," ती म्हणाली. "ह्यो सूर लय लाजरा हाय. बायका ह्याच्यावर उभ्या कशा ऱ्हाणार?"

मी ऑर्गन लावला. आता सूर टिकला, पण फिरत्या कर्ण्याची नक्कलही चालू होती. "आगं बया, चक्कर येतीय," जाऊ म्हणाली. मी कर्णा थांबवला. ऑर्गनाला नऊ दांड्या असतात, तशा माझ्या यंत्रालाही आहेत. कुठली किती ओढली त्यावर आवाजाचा रंग ठरतो. आक्काने त्या पेटीच्या खुंट्या ओढाव्यात तशा एकेक ओढून, ढकलून बघितल्या. दोन पूर्ण ओढल्या, एक अर्धी, आणि बाकीच्या आत सारल्या. पेटी नव्हती, पण पेटीच्या घराण्यातला आवाज आला. ती वाजवू लागली. काळी चारचा सूर धरून गवळणीची चाल.

वाजवलं बरोबर, तरी तिचं तोंड कडू. तिचा डावा खांदा प्रत्येक सुराला आपोआप हलत होता, दुखत होता, आणि ती ओठ चावत होती. नसलेला भाता ती मारत होती. "सूर येतोय," ती म्हणाली, "पण ह्यो दमच खाईना. सरळ चाललाय आपला, मालगाडीवानी."

"त्यासाठीच हे पेडल आहे," मी म्हणालो. "पाय ठेव त्यावर. दाबलं की मोठा, सोडलं की बारीक."

"काय ठेवू?"

"पाय."

"वाद्याला पाय लावू?" आक्काचा आवाज सभामंडपात घुमला. "देवाच्या दारात बसून? आन् तू लावतोस व्हय?"

मी लावत होतो. वर्षानुवर्षं, दर शनिवारी, बुटासकट. कुणाचा चुकून पाय लागला तर पेटीच्या पाया पडायला लावणाऱ्या घरात मी वाढलो, आणि पेडल हाही वाद्याचाच भाग आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आक्काने ते पेडल उचललं, पदराने पुसलं, त्यालाही नमस्कार केला. आणि आता ते जमिनीवर ठेवायचं कुठे? मांडी घातलेली बाई पाय नाही लावणार तर काय लावणार? तिने ते डाव्या मांडीशेजारी ठेवलं आणि वर तळहात ठेवला. कोपर अंगाशी, खांदा जागच्या जागी. मनगटाने नुसतं पुढे, मागे. पुढे, मागे.

आणि सूर श्वास घेऊ लागला.

तिने पुन्हा गवळण धरली. तळव्याखाली पेडल चाललं होतं, अगदी भात्याच्या चालीत, बायकांचा दम संपेल तिथे ओसरत, त्या घेतील तिथे भरत. पेडल पूर्ण मागे आलं की आवाज तुटत होता. मी यंत्रातली एक गोष्ट बदलून तो तळाशी थोडा शिल्लक राहील असं केलं. माझं या सगळ्यातलं काम तेवढंच. कुणीही सांगितलं नव्हतं, तरी बायका गायला लागल्या होत्या. जावेने पखवाज ओढून घेतला. मी उठलो, मागे गेलो आणि टाळ घेतले. मला फार बरं वाटलं, आणि अपराधी वाटलं नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा नंतर आलं.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी की-बोर्डशिवाय पोचलो. आमच्या गिटारवाल्याने विचारलं, "वाद्य कुठाय?" मी म्हणालो, "आक्काने ठेवून घेतलं." मी आयुष्यात पहिल्यांदा खंजिरी वाजवली. फारशी बरी वाजवली नाही.

स्पर्धेच्या दिवशी लोणावळ्याच्या सभागृहाबाहेर टेम्पो उभा राहिला आणि सगळ्या बायका एकसारख्या हिरव्या नऊवारीत उतरल्या. मी की-बोर्ड आणि स्पीकर उचलून मागे चाललो होतो. दुसऱ्या एका मंडळाचा पेटीवाला दारात पान खात उभा होता. "काय पाहुणं, हळदीला आलाय काय?" त्याने विचारलं. जाऊ वळून म्हणाली, "व्हय, तुमच्याच. उरका लवकर, नवरी खोळंबलीय."

खरी अडचण आत होती. संयोजकांपैकी एक गृहस्थ, साधे आणि सज्जन, स्टेजशेजारी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, विजेचं वाद्य चालणार नाही. पेटी हवी. वाटल्यास इथली पेटी देतो, ह्यांना बसवा." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी आयुष्यभर बोट दाखवलं की उठलेला माणूस आहे. तेव्हा मात्र म्हणालो, "मी मंडळात नाही. मी सामान आणलंय."

आक्काने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्या गृहस्थांकडे वळली. "साहेब, सकाळपासनं धा मंडळं झाली. तंबोरा कुणी छेडला?"

"तंबोऱ्याचं मशीन असतं हो सगळ्यांकडे."

"त्येला वायर नसती व्हय?"

गृहस्थ हसले. परीक्षकांपैकी एक बाई खुर्चीतून उठून आल्या होत्या. आक्काने तळहात पेडलवर ठेवला, एक सूर धरला आणि दोनदा भाता मारला. "सूर मी भरतीय, बाई. वीज न्हाई भरत." परीक्षक बाईंनी वाकून तो तळहात बघितला. मग म्हणाल्या, "बसू द्या त्यांना."

मी प्रेक्षकांत जाऊन बसलो. माझ्या आजूबाजूचे लोक नेहमीप्रमाणे शोधत होते, वाजवणारे बाप्ये कुठे आहेत.

सुरुवातीच्या गजराला सभागृह थोडं कुजबुजत होतं, त्या यंत्राकडे बोटं दाखवत. विठ्ठलाच्या रूपाच्या अभंगाला कुजबुज थांबली. गवळणीला आक्काने डोळे मिटले. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मांडीशेजारी, पुढे, मागे. बायका वरच्या सुराला चढल्या तेव्हा तिने तळवा पूर्ण दाबला, आणि तो ऑर्गन, परदेशात कुठेतरी जन्मलेला तो आवाज, असा काही भरला की पत्र्याचं छप्पर घुमलं. तिथे मी असतो तर चार तरी हरकती घातल्या असत्या. आक्काने काही घातलं नाही. तिने नुसता सूर धरला आणि बायकांना त्याच्यावर उभं केलं. टाळांच्या शेवटच्या ठोक्यानंतर दारातला तो पेटीवाला टाळ्या वाजवत पुढे आला होता. त्याच्या तोंडातलं पान संपलं होतं.

पहिला नंबर त्यांचा आला. उत्कृष्ट पेटीवादनाचं बक्षीसही आक्काला मिळालं, आणि निवेदकाने "पेटीवादन" हा शब्द वाचताना थोडं थांबून मग जोरात वाचला. ढाल जड होती. आक्काने ती उजव्या हाताने उचलली, आणि डावा हात, जेवढा वर जात होता तेवढा, जावेने आपल्या हाताने उचलून धरला.

परतताना मी टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे बायका, पखवाज आणि आक्काच्या मांडीवर की-बोर्ड. तो मला परत मिळणार नव्हता. तिला पुढच्या नवरात्रापर्यंतचे कार्यक्रम वाटेतच सुचत होते. कामशेत मागे पडलं तरी आरडाओरडा, गाणी, हसणं काही थांबेना.

"पहिला नंबर आलेला दिसतोय," ड्रायव्हर मला म्हणाला.

मागून जाळीला तोंड लावून आक्का ओरडली, "दिसायचं काय त्यात? तुला ऐकू येत न्हाई व्हय रं?"