किकवीच्या हॉटेलात आलेली म्हैस

गेल्या महिन्यात एका मंगळवारी पप्पांना गाडीत घातलं आणि भोरहून वेल्ह्याकडं निघाले. काम माझ्या ऑफिसचं होतं, पण गाव पप्पांचं... म्हणजे त्यांच्या नोकरीचं.

मी एंटरप्राइज आर्किटेक्चरमध्ये काम करते. हे नातेवाइकांना सांगून सांगून थकले... मावशी अजूनही बंगल्याचा प्लॅन कधी काढून देतेस म्हणून विचारते. सरकारी खात्यांत हल्ली खंडीभर सॉफ्टवेअर येऊन बसलेली असतात. त्यातलं कुठलं कशासाठी आहे, आणि ज्या कामासाठी मुळात ते खातं आहे ते काम त्यातून होतंय का, हे जुळवून बघायचं. एवढंच माझं काम.

यावेळी खातं होतं जनावरांच्या दवाखान्यांचं. प्रस्ताव असा, की राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वाटेवर असलेला एक दवाखाना तिथून उचलून किकवीला न्यायचा. कारण होतं एक नकाशा. उपचाराची नोंद ॲपमध्ये झाली की नकाशावर ठिपका पडतो, आणि या दवाखान्याचे जवळजवळ सगळे ठिपके हायवेला, किकवीत पडत होते. जनावरं तिकडंच येतात तर दवाखानाही तिकडंच न्या... कागदावर तरी सगळं बरोबर दिसत होतं.

पण तो पप्पांचा दवाखाना होता. पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची उमेदीची वर्षं तिथं गेली. लोक मात्र त्यांना डॉक्टरच म्हणायचे. शाळेला सुट्टी असली की मोटरसायकलच्या टाकीवर बसून मीही जायचे त्यांच्याबरोबर. फिनेल आणि शेणाचा तो एकत्र वास मला अजून आवडतो, हसू नका...

आणि चीक! पप्पांच्या हातून ज्याची अडलेली म्हैस सुटायची, तो देवाला दाखवून झालं की चिकाचा तांब्या आमच्याकडं पोचता करायचा. आई म्हणायची, आपल्या घरात साखरेपेक्षा खरवसाला गूळच जास्त लागतो.

निवृत्तीनंतर पप्पा तिकडं फिरकले नव्हते. दवाखाना हलवणार हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "खोड्याचं काय करणार गं?" खोडा म्हणजे जनावराला उभं करून बांधायची लोखंडी चौकट. पप्पांनीच मागं लागून ती तिथं बसवून घेतली होती. म्हणूनच त्यांना सोबत घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा खोड्यात पारूबाईंची गाभण म्हैस लाथा झाडत होती. आताचे पर्यवेक्षक माने तिला तपासून मोबाईलमध्ये नोंद करत होते. पारूबाईंनी पप्पांना लांबूनच ओळखलं.

"डॉक्टर, लई दिसांनी आलासा. हितनं दवाखाना हलवत्यात म्हनं. आता अडलेली म्हस टेम्पूत घालून किकवीला न्यायची व्हय?"

पप्पा खोड्याजवळ गेले. त्याच्या पाइपवरून नुसता हात फिरवत राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना... त्यांना इथं आणून चूक केली की काय, असं वाटायला लागलं.

परत निघताना मान्यांची बाईक सुरू होईना. ते राहायला किकवीत, म्हणून त्यांना सोडायला गेलो आणि तिथंच एका हॉटेलात चहाला थांबलो. दरीत दिवसभर रेंज नव्हती. आता माझ्या फोनवर सकाळपासूनचे मेसेज टणाटण पडायला लागले.

मान्यांनीही खिशातून मोबाईल काढला. "एक मिनिट मॅडम, दिवसभराच्या नोंदी वर पाठवतो. तिकडं नेट न्हाई ना... रोज हितं आल्यावरच पाठवतो मी."

माझा कप हातातच राहिला. मी लॅपटॉप उघडून नकाशा रिफ्रेश केला. एकेक ठिपका किकवीत पडत होता... आणि सकाळी खोड्यात लाथा झाडणारी पारूबाईंची म्हैस आमच्या टेबलाशेजारी येऊन उभी होती. उपचार कुठं झाला याच्याशी ॲपला देणंघेणंच नव्हतं. नोंद जिथून पाठवली, तीच जागा ते धरत होतं.

पप्पांना स्क्रीन दाखवली. चष्मा वर करून त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "मग तिला पण एक कटिंग सांग." कितीतरी दिवसांनी ते असे पोट धरून हसले.

माने बिचारे गोरेमोरे झाले. त्यांचा काय दोष... त्यांना फक्त बटण दिसायचं आणि नकाशा वरच्या ऑफिसात दिसायचा. म्हैस कुणालाच दिसत नव्हती.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, की हा दवाखाना जनावराला गोठ्याजवळ उपचार मिळावा म्हणून आहे, तेव्हा नोंदीची जागाही जनावराच्या गावावरूनच धरा. मीटिंगमध्ये तो हॉटेलातला ठिपका दाखवला. साहेब आधी हसले... आणि मग प्रस्ताव मागं घेतला गेला.

परवा भोरला आमच्या घरी माने आले, हातात कडीचा डबा. पारूबाईंची म्हैस व्यायली होती आणि डॉक्टरांना चीक पाठवला होता. आईनं गूळ-वेलची घालून खरवस केला. पप्पांनी वाटीतला पहिला घास घेतला. मग म्हणाले, "मी तर या खेपेला हातसुद्धा लावला नाही गं तिला... तरी आठवण ठेवली."

डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून आईनं त्यात करंज्या भरल्या. मी म्हटलं, मान्यांबरोबर देऊ पाठवून. पप्पांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला... "राहू दे. रविवारी मीच जातो."

पारूबाई, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तुमच्याकडं रेंज नाही. पण पप्पांची आठवण ठेवलीत, हे तुमचे उपकार मी विसरणार नाही... डबा घेऊन डॉक्टर येतायत.