शिवण न येणाऱ्या शिवणबाई

कुंदाबाई गेल्याचं मला कर्जतच्या एसटी थांब्यावर कळलं. खोपोलीहून आलेल्या ओळखीच्या एका मास्तरांनी सहज विचारलं, "तुमच्या त्या शिवणबाई वारल्या, कळलं ना?" मी मान हलवली, गाडीत बसले आणि कडावला उतरायचंच विसरले... त्याला आता काही आठवडे झाले. अजून शाळेत कुणी दारात उभं राहिलं की कुंदाबाईच आल्या असं वाटतं.

माझा स्वभाव मुळातच घाबरट. कुलूप लागलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी मी. त्यामुळे मी शिकवते त्या कडावच्या शाळेत कुंदाबाई होत्या तोवर माझा जीव सतत टांगणीला होता. कारण साधं होतं. त्या शिवणाच्या शिक्षिका होत्या आणि त्यांना शिवण येत नव्हतं!

त्यांचं शिक्षण मानसशास्त्राचं. मुंबईच्या एका इस्पितळात मुलांसाठी काम केलेलं. नवरा खोपोलीच्या कारखान्यात लागला म्हणून त्या इकडे आल्या. आमच्या हेडमास्तरांना अशा माणसाची फार गरज वाटत होती. शाळेत मुली घेरी येऊन पडायच्या, कुणी अचानक वर्गात रडत सुटायचं. त्यांनी वर शिक्षण खात्यात विचारलं, तर उत्तर आलं की शाळेत असं पदच नसतं. शिवणशिक्षिकेचं पद मात्र मंजूर होतं आणि रिकामंही. हेडमास्तरांनी डोळे मिटून कुंदाबाईंना त्यावर घेतलं. घरी नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं नवराच लावायचा, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

त्यांचा तास म्हणजे मांडीवर कापड घेऊन बसलेल्या मुली आणि त्यांच्यात बसलेल्या बाई. नजर टाक्यावर असली की मुली बोलायच्या. समोर बघून जे कधी बोलल्या नसत्या ते बोलायच्या. शिवलेलं उसवायचं, पुन्हा शिवायचं. वर्ष सरत आलं तरी एक झबलं पुरं होईना.

त्यात होती सुमन. धाकट्या बहिणीला घेऊन नदीवर कपडे धुवायला गेली होती, ती एकटीच परत आली. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. पाण्यातलं काहीतरी लागलंय म्हणून भगताने दंडात दोरा बांधला. मी म्हटलं, "बाई, हा दोरा काढायला सांगा ना." त्या म्हणाल्या, "राहू दे. त्याने तिच्या आईला झोप लागते." आणि रोज सुमनच्या शेजारी बसत राहिल्या. काही विचारायच्या नाहीत. तिच्या वडिलांनी हेडमास्तरांना स्पष्ट बजावलं होतं, "शिवण शिकंल म्हनून धाडतो, गुरुजी. नायतर पोर घरातच बरी." महिने गेले. एक दिवस कुंदाबाई मला कानात म्हणाल्या, "काल माझ्याकडे सुई मागितली तिने. तोंडाने." आम्ही दोघी व्हरांड्यात रडलो.

आणि नेमकी तपासणी लागली. मला तर अन्न गोड लागेना. पद गेलं तर बाई जाणार, बाई गेल्या तर ही पोर पुन्हा मुकी होणार. "खोपोलीच्या बाजारातून तयार झबली आणते मी," मी म्हटलं. "मुलींना खोटं बोलायला लावू?" त्या म्हणाल्या.

साहेब आले. भला माणूस होता. अर्धवट झबली उलटीसुलटी करून बघितली आणि नेमकं सुमनलाच विचारलं, "काय शिकवतात बाई?" हेडमास्तर पुढे होऊन उत्तर देणार, तर कुंदाबाईंनी हाताने थांबवलं.

"बाईंना शिवता नाय येत," सुमन म्हणाली. अगदी स्वच्छ. "आमी बोलतो, त्या आयकतात. माजी भैन बुडली ते पन मी सांगितलं त्यांना."

साहेबांनी हातातलं झबलं घडी करून खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बाई, पण मी पगार कशाचा देऊ?" मी कुंदाबाईंकडे बघितलं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या सुमनकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलून गेला होता.

जूनमध्ये शिवण येणाऱ्या बाई आल्या. कुंदाबाई मात्र पदरमोड करून खोपोलीहून कडावला येत राहिल्या, सुमनच्या ओट्यावर बसत राहिल्या. सुमन सावरली, सातवी झाली. त्याचं कुणी कौतुक केलं की त्या चिडायच्या. "कौतुक नको, पद मागा. मी किती ओट्यांवर बसू?"

शोकसभेत त्यांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल सगळे भरभरून बोलले. पदाबद्दल कुणी बोललं नाही. मी मुख्याध्यापिका झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी पद मागते आणि दर वर्षी नकार येतो.

यंदा पाचवीतली एक मुलगी दिवाळीपासून बोलत नाही. काल मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसले. काही विचारायचं नाही, असं मनाशी पक्कं करून बसले. पण मला धीर धरवला नाही. "काय झालं गं? घरी कुणी मारलं का? पोटात दुखतंय का?" ती उठली आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

कुंदाबाई, हिला मी कुणाकडे पाठवू?