तात्या वैद्यांचा बाभळीचा काटा

तात्या वैद्य आधी वास घ्यायचे. नाडी नंतर, जीभ नंतर. नायटा असो, गजकर्ण असो, पू वाहणारी खरूज असो, गृहस्थ आपलं लांब नाक थेट तिथे नेऊन मोगरा हुंगावा तसे हुंगायचे. बुधवार पेठेत त्यांचं घर आमच्या समोरच. सकाळी सडा घालायला दार उघडलं की त्यांच्या ओसरीवर हाच प्रकार. शी! नखाने खपली उचकटायची, उन्हात धरून पाहायची, आणि तीच बोटं धोतराला पुसून तपकीर ओढायची. "मेले तरी या माणसाला हात दाखवायची नाही," असं मी सासूबाईंना म्हटलंही होतं.

लेक दोन वर्षांची झाली आणि माझ्या डाव्या मनगटावर पांढरा डाग उठला. सासूबाईंनी गुपचूप त्यावर गरम बिब्बा लावला. डाग जायचा राहिला बाजूला; हात सुजला, फोड आले, लस वाहू लागली. मग घरात एकच कुजबूज, महारोग! माझं पान उंबऱ्याबाहेर गेलं. भाकरी वरून टाकायची, कुत्र्याला टाकतात तशी. हौदावर मला पाहून बायका घागरी उचलायच्या. ज्यांच्या पोरांच्या डोक्यांत उवांची जत्रा, त्या बायका! मामंजींनी ठरवलं की नदीपलीकडे खोपटं बांधून मला तिथे ठेवायचं. इकडची स्वारी मान खाली घालून बाहेर निघून गेली. लेक "आई" म्हणून दाराशी धावायची आणि कुणीतरी तिला दंडाला धरून मागे ओढायचं. त्या घराची मला जी शिसारी बसली, ती आजतागायत गेलेली नाही.

खोपट्याचे बांबू अंगणात येऊन पडले, ते तात्यांनी समोरून पाहिले.

"अहो नाना," ते रस्त्यातूनच मामंजींवर ओरडले, "सुनेला घालवताय म्हणे? वैद्याला विचारावंसं नाही वाटलं? का वैद्य फक्त तुमच्या मूळव्याधीपुरता?"

तात्या सरळ आत आले, माझा हात ओढला आणि नाक लावलं. मी शरमेने अर्धी झाले.

"बिब्बा! कुठल्या शहाण्याने लावला हा?"

सासूबाई भिंतीकडे पाहू लागल्या.

"आग होते का?"

"जीव जातो हो, तात्या."

"उत्तम. दुखतं तोवर आपलं."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. फोड भरून येईपर्यंत बांबूंना हात लावायचा नाही, अशी त्यांनी मामंजींना ताकीद दिली. हात सुकल्यावर माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि डागावर कधी मोराचं पीस फिरवलं, कधी बाभळीचा काटा टेकवला. "डोळे फसतात. कातडीला विचारावं," ते म्हणत होते. मी दर वेळी बरोबर सांगितलं.

"हे कोड. महारोगात काटा कळत नाही. हे कुणाला लागत नाही, दिसायला वाईट एवढंच. दिसायला वाईट तर नानाही आहेत. त्यांना कुणी नदीपलीकडे धाडलं?"

लेक धावत येऊन मांडीवर बसली. बांबूंचा मग मांडव झाला. त्यावर दोडके चढले.

पुष्कळ वर्षांनी, मामंजी-सासूबाई गेल्यावर, तात्यांनी मला ओसरीवर बोलावलं. त्यांच्या कोपराजवळ एक फिकट, तांबूस चट्टा होता.

"शिबं असतील, तात्या. उन्हाची."

"असतील. काटा घ्या. टोचायला घरात कुणाचा हात धजत नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी काटा टोचला. रक्ताचा थेंब आला.

"टोचा की," तात्या म्हणाले. "कसली वाट बघताय?"

मी काटा खाली ठेवला. त्यांनी डोळे उघडले, थेंब पाहिला आणि सवयीने वास घेतला.

"शिबंच म्हणा ना हो!" मी रडत म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाला कळतंय इथे?"

"मला कळतंय ना. उद्या दुसऱ्या कुणाच्या सुनेचा हात कुठल्या तोंडाने धरू?"

कुणी जा म्हणायच्या आत ते स्वतःच नदीपलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी पेठेने त्यांची ओसरी गोमूत्राने धुतली. ज्यांचे पू त्यांनी हुंगले होते, तेच नाकाला उपरणी लावून उभे! थू! खरजेची कधी एवढी किळस आली नव्हती.

मी रोज भात घेऊन जायची. मला अडवतंय कोण? पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, "वरून टाका." मी त्यांच्याजवळ बसले आणि घास त्यांच्या हातावर ठेवला. पुढे पुढे त्यांची बोटं वळेनाशी झाली.

एकदा पान उघडलं तर वाफेने माझी बोटं भाजली. तात्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि हळूच विचारलं, "गरम आहे का हो?"

"आहे," म्हटलं. घासावर फुंकर घातली आणि मग तो त्यांच्या हातावर ठेवला.