भोवऱ्यावरचा वस्तरा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या लेकीचे केस काढायला वॉर्डात सगळे ज्यांना केसमामा म्हणतात ते आले. एकतीस वर्षं ते या हॉस्पिटलात हेच काम करताहेत. त्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये वाडगं होतं आणि वाडग्यातलं पाणी हिंदकळत होतं. माझी नजर त्या पाण्यावरून हलेना.

कातडीला ओरखडा आला तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. डोक्यातल्या गाठीमुळे तिला डावीकडचं रोज थोडं कमी दिसत होतं. थांबायला आमच्याकडे दिवस नव्हते.

मामांनी तिला फिरत्या स्टुलावर बसवून कात्रीने केस उतरवले, मग डोळे मिटून खुंटांवरून तळवा फिरवला.

"काय शोधताय?"

"केस कुठल्या अंगाला झोपलेत ते. सुलट गेलं की वस्तरा सरकतो, उलट गेलं की कातडी धरतो. एकदा घाईत उलट गेलो, ताई. त्या माणसाचं ऑपरेशन चार दिवस लांबलं. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

कॉलेजात माझं संस्कृत होतं. विलोम म्हणजे अगदी उलट, एवढं परीक्षेपुरतं पाठ. लोम म्हणजे केस, हे आत्ता लक्षात आलं. विलोम म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध. गप्प बसवेना म्हणून मी ते मामांना सांगितलं.

"म्हणजे पुस्तकवाल्यांनी आमचंच उचललं की."

भोवऱ्यापाशी मात्र ते थांबले. तिथे केस चहूकडे वळलेले. गाठ नेमकी त्याच्याखाली.

"माझा हात आता एकाच दिशेला धड चालतो. वळवला की थरथरतो. तुम्ही स्टूल फिरवा. मी 'हं' म्हटलं की बोटभर."

"मी?"

"नर्सबाई फार भरभर फिरवतात."

"मामा, भोवरा गेला तर माझं लग्न होईल ना?" लेकीने विचारलं.

"एक भोवरा, एक नवरा. परत उगवतो तो. हलू नकोस."

भोवऱ्याच्या मधून बाहेर वस्तऱ्याचा एक छोटा हात. "हं." मी बोटभर फिरवलं. पुन्हा वस्तरा. "हं." फेरा पुरा होईपर्यंत मी स्टुलाची कड सोडली नाही.

मामांनी ओला कापूस फिरवून खिडकीच्या उजेडात धरला. पांढरा होता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुठूनही फिरवला तरी सारखाच लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला याच जागी दुसरं पातं टेकणार होतं.

"आई," लेक म्हणाली, "मामांचा नाही, तुझाच हात थरथरतोय."