मांडीवरचं नाव

मंजूषा कोष्टीला खेळातलं काही कळत नाही, हे ती स्वतःच सांगते. ओव्हर संपली की सगळे इकडून तिकडे का जातात, हे तिनं लग्नानंतर नवऱ्याला विचारलं होतं म्हणे. आणि तरीही नेदरलँड्समध्ये, हेगजवळच्या रायस्वाइकमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात खेळाच्या धंद्याविषयी कुणाला काही विचारायचं असलं, तर लोक तिच्याकडेच जातात. हे कसं झालं, ते सांगते.

मंजूषा मूळची इचलकरंजीची. पुण्यात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती सुपरवायझर होती. श्रीधरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हेगमध्ये आयटीतली नोकरी मिळाली आणि ती त्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर इथे आली. सुरुवातीला डच क्लास, मुलीला सायकलवरून शाळेत सोडणं, संध्याकाळी स्वयंपाक, एवढंच. मग कुणाचा ब्लाउज सैल करून दे, कुणाच्या पँटची उंची कमी करून दे, असं सुरू झालं. बायकांकडून बायकांकडे नाव गेलं. एक दिवस तिनं रीतसर व्यवसायाची नोंदणी केली आणि खिडकीत पाटी लावली: कपडे दुरुस्ती.

गणपतीत आमच्या ढोलपथकाला टी-शर्ट हवे होते, तेव्हा तिनं जुनं हीट प्रेस विकत घेतलं. तापलेल्या प्लेटखाली अक्षरं दाबून कापडावर चिकटवायचं यंत्र. पाठीवर देणगीदारांची नावं टाकायची होती: वर किराणा दुकान, खाली गृहकर्जाचे सल्लागार.

"किराणावाले वर का?" तिनं मला विचारलं. पथकाचं काम तेव्हा माझ्याकडे होतं.

"त्यांनी जास्त दिले म्हणून."

"पण ढोलाचा पट्टा बरोबर त्यांच्याच नावावरून जाणार. दिसणार कर्जवाले. त्यांना माहितेय का हे?"

कुणालाच माहीत नव्हतं. विचारायचं डोक्यातही आलं नव्हतं.

ते टी-शर्ट मिरवणुकीनंतर धुऊन तिच्या बाल्कनीत वाळत होते, तेव्हा खालून जाणाऱ्या एका उंच म्हाताऱ्या माणसानं मान वर करून विचारलं, "ताणल्या जाणाऱ्या कापडावर छापता येतं का तुम्हाला?"

हे खेर्बन. शाळेत व्यायामाचे शिक्षक होते, आता निवृत्त. दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि बायकांचा एक स्केटिंग संघ चालवायचे. इथे हिवाळ्यात बर्फाच्या ट्रॅकवर लांब पल्ल्याच्या शर्यती होतात, पंचवीस-तीस जणी एकदम धावतात आणि फेऱ्यांवर फेऱ्या मारतात. प्रत्येक संघ कुठल्या तरी कंपनीच्या पैशावर उभा असतो आणि संघाला नावही त्या कंपनीचंच असतं. खेर्बनच्या संघाच्या जुन्या कंपनीनं ऐन सीझनच्या तोंडावर हात वर केले होते. नवा प्रायोजक मिळाला होता, छपरं बसवणारा एक ठेकेदार, लेंडर्ट काउपर. पण नवे सूट कारखान्यातून यायला वेळ होता आणि पहिली शर्यत तोंडावर आली होती. जुन्या नावावर नवं नाव चिकटवून हवं होतं.

मंजूषा म्हणाली, "करून बघते."

तिनं अक्षरांसाठी खास ताणली जाणारी फिल्म मागवली, तुकड्यांवर प्रयोग केले, सूट पुतळ्यावर चढवून मापं घेतली. नाव कंबरेपासून खाली मांडीवर उभं जाणार होतं, एकाखाली एक अक्षर: के, यू, आय, पी, ई, आर, म्हणजे डच उच्चारात काउपर. पुतळ्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की तिनं फोटो काढून आईला पाठवला.

एकच गोष्ट तिला खटकली. सूट पुतळ्यावर नीट बसेना. पोटापाशी ओढला जाई, खांदे खाली खेचले जात. तिला वाटलं, जुना आहे, आटला असेल.

शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी खेर्बन दारात आले. रागावलेले नव्हते, पण चेहऱ्यावर हसू दाबल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. पाच जणी एका रांगेत, कंबरेतून पार वाकलेल्या. वाकल्यावर कंबर आणि मांडी यांच्यामध्ये घडी पडली होती आणि त्या घडीत नावातलं 'यू' गडप झालं होतं. उरलं होतं 'किपर'.

"किप म्हणजे काय, माहितेय ना?" खेर्बननी विचारलं.

मंजूषाला माहीत होतं. सुपरमार्केटमध्ये रोज वाचत होती. कोंबडी.

"पोरं कठड्यापाशी उभी राहून कोंबडीसारखी ओरडत होती," खेर्बन म्हणाले.

मंजूषाचा चेहरा उतरला. "मी सगळं परत करून देते. पैसे नको."

"पैसे घ्या. पण आधी एकदा बर्फावर या. तुम्ही माणसं उभी असताना बघितलीत. ती उभी नसतात."

शनिवारी संध्याकाळी ती हेगच्या स्केटिंगच्या ट्रॅकवर गेली. मलाही ओढून नेलं. आत शिरताच गार हवा नाकात बसली. मंजूषा कठड्याला टेकून उभी राहिली आणि पहिल्या काही फेऱ्या नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "छाती दिसतच नाही गं कुणाची."

खरंच दिसत नव्हती. सगळ्या जणी पाठ जमिनीला समांतर ठेवून पळत होत्या. दिसत होत्या त्या पाठी, मांड्या, आणि वळणावर डोक्यावरची हेल्मेटं. सूट पुतळ्यावर का बसत नव्हता, तेही तिला तिथे समजलं. तो वाकलेल्या शरीरासाठीच कापलेला होता. शर्यत संपल्यावर मुली सरळ उभ्या राहिल्या की आधी पुढची चेन खाली ओढायच्या, कारण उभं राहिलं की तो त्यांना आवळायचा.

संघातली सगळ्यात चांगली स्केटर होती आनेमाइन. शर्यतीनंतर ती कॉफी घ्यायला आली, तेव्हा मंजूषानं तिला विचारलं, "कॅमेरा कुठे असतो?"

आनेमाइननं दाखवला. बाजूला, ट्रॅकच्या आतल्या अंगाला. "म्हणून डावी मांडी महाग. उजवी स्वस्त."

"मांडीलासुद्धा भाव असतो?"

"सगळ्यालाच असतो. डावी मांडी काउपरची. पाठ त्यांचीच. हेल्मेट एका बेकरीचं. दंड अजून रिकामा आहे."

"आणि तुला काय मिळतं त्यातलं?"

आनेमाइन हसली. "बूट, सूट, प्रवास. जिंकले तर थोडं बक्षीस. आठवड्यात चार दिवस मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाकीचे पैसे बर्फाच्या भाड्याला जातात, व्हॅनला जातात."

घरी येताना ट्राममध्ये मंजूषाचं एकच चाललं होतं. "छपराचं नाव मांडीवर बघून कोण छप्पर बसवतं? तू बसवशील?" मी म्हटलं, आपण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिला ते पटलं नाही. तिला उत्तर हवं होतं.

तिनं सूट दुरुस्त केले. या वेळी आनेमाइनला घरी बोलावलं, दिवाणखान्यात शर्यतीच्या पवित्र्यात वाकवलं आणि अंगावरच खडूनं खुणा केल्या. नाव घडीच्या खालून सुरू केलं, अक्षरं जरा आखूड केली, म्हणजे कापड ताणल्यावर ती बरोबर उंचीला येतील. पुतळ्यावर ते बुटकं आणि विचित्र दिसायचं. बर्फावर 'काउपर' अगदी स्वच्छ वाचता यायचं.

लेंडर्ट काउपर यांनी खूश होऊन मंजूषाला आणि मला वरच्या खोलीत बोलावलं. ट्रॅकच्या वर काचेची एक लांब खोली आहे. तिथे प्रायोजक आणि त्यांचे पाहुणे वाटाण्याचं दाट सूप पीत शर्यत बघतात. खरं सांगायचं तर बघत नाहीत. बहुतेकांची पाठ काचेकडे होती.

मंजूषानं आपल्या तोडक्यामोडक्या डचमध्ये सरळच विचारलं, "मेनेर काउपर, या नावामुळे तुम्हाला किती छपरं मिळाली?"

मला कानकोंडं झालं. पण लेंडर्ट मोठ्यांदा हसले.

"एकही नाही."

"मग कशाला देता एवढे पैसे?"

त्यांनी सूपाच्या वाटीनंच खोलीत इकडेतिकडे दाखवलं. "तो लाल स्वेटरवाला बिल्डर आहे. ती खिडकीपाशी उभी आहे, ती शाळांच्या इमारती बांधते. सोमवारी मी यांना फोन केला तर कुणीतरी दुसरंच उचलतं आणि निरोप घेतं. शनिवारी तेच लोक माझ्या शेजारी दोन तास उभे असतात, गारठलेले, आणि सूप मी वाढतो. मांडीवरचं नाव म्हणजे या खोलीचं भाडं आहे, मेफ्राउ."

मंजूषानं सूप संपेपर्यंत खोलीतली माणसं एकेक करून न्याहाळली. तिला मी ओळखते. ती अशी बघायला लागली की आत काहीतरी मांडामांड चालू असते.

उन्हाळ्यात खेर्बन पुढच्या सीझनचं बोलायला आले. संघ वाढणार होता, मुलींच्या ज्युनियर गटाचेही सूट होते, काम भरपूर आणि बजेट तेवढंच. ते जरा संकोचानं म्हणाले, "अर्धे पैसे देतो आणि बाकीच्याबद्दल दंडावरची जागा तुम्हाला. तुमच्या दुकानाचं नाव टीव्हीवर."

श्रीधर तिथेच बसला होता. खेर्बन गेल्यावर तो म्हणाला, "मंजू, कॅश माग. दंडावरचं नाव बघून कोण ब्लाउज शिवायला येणार आहे?"

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग दंड नकोच मला."

दुसऱ्या दिवशी ती खेर्बनकडे गेली. म्हणाली, अर्धे पैसे चालतील, पण दंडावरची जागा दुसऱ्याला विका. मला वरच्या खोलीत दोन खुर्च्या द्या, पूर्ण हिवाळ्यासाठी. खेर्बन गोंधळले. त्या खोलीत प्रायोजक येतात, शिवणारी बाई कशी काय? त्यांनी लेंडर्टना फोन लावला. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला आणि मग होकार.

दुसऱ्या खुर्चीवर बहुतेक वेळा मी असायचे, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सुरुवातीला आमच्याशी कुणी बोललं नाही. लोक हसून मान हलवायचे आणि पुढे सरकायचे. मंजूषाचं डच घाईत असलेल्या माणसाला झेपणारं नव्हतं. एकदा एकानं तिला रिकामे ग्लास दिले, कारण त्याला वाटलं ती वाढणाऱ्यांपैकी आहे. तिनं ग्लास शांतपणे टेबलावर ठेवले आणि स्वतःचं कार्ड त्याच्या हातात दिलं. घरी जाताना मात्र ट्राममध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. "वेडेपणा केला का गं मी?" तिनं विचारलं.

मग एका शनिवारी मिरेय भेटली. ती जवळच्या कोर्फबॉल क्लबचे प्रायोजक सांभाळायची. कोर्फबॉल म्हणजे मुलं आणि मुली एकाच संघात खेळतात तो टोपलीचा खेळ. मिरेय कंटाळलेली दिसत होती. मंजूषानं तिला विचारलं, "तुमचा प्रायोजक बदलला की जुन्या जर्सींचं काय करता?"

"फेकतो," मिरेय म्हणाली. "गोदामात खोकी भरून पडल्यात. चांगल्या आहेत, पण छातीवर एका बंद पडलेल्या जिमचं नाव आहे. नवा प्रायोजक ते कसं चालवून घेईल?"

"नाव काढता आलं तर?"

"काढता येतं?"

"सगळ्या कापडावर नाही. एक खोकं पाठवा. बघून सांगते."

पुढचे काही आठवडे मंजूषाच्या घरात स्पिरिटचा वास भरून राहिला. काही जर्सींवरची अक्षरं गरम करून सालीसारखी निघाली. काहींचा रंगच गेला. कापडातच छापलेल्या नावांना तर हात लावता येत नव्हता. त्यांच्यावर तिनं त्याच रंगाचा पट्टा बसवला आणि पट्ट्यावर नवं नाव. मिरेयनं ते बघितलं आणि उरलेली सगळी खोकी व्हॅनमध्ये घालून आणून दिली. मग तिनं एका हॉकी क्लबला सांगितलं. हॉकीवाल्यांनी रोइंगवाल्यांना सांगितलं.

तेव्हा मंजूषाला तिचा धंदा सापडला. ती म्हणते, सगळ्यांचं लक्ष करार होण्याकडे असतं, पण करार संपतातही तेवढेच. कंपनी विकली जाते, मालक बदलतो, कुणाला अचानक स्केटिंगऐवजी सायकलिंग आवडायला लागतं. कुणाचा करार संपला की तिचं काम सुरू होतं.

लेंडर्ट काउपर यांचंही तसंच झालं. त्यांच्या मुलीनं कंपनी हातात घेतली आणि हिशेब मांडून सांगितलं, की बिल्डर लोक आता पॅडेल, म्हणजे टेनिससारखा एक खेळ, खेळतात. लेंडर्टनी एक सीझन आणखी रेटून नेला. मग त्यांनी खेर्बनना घरी बोलावून सांगितलं. खेर्बननी सगळा वसंत नवीन प्रायोजक शोधण्यात घालवला. कुणी मिळालं नाही. संघ मोडला.

सूट मुलींनाच ठेवायला दिले होते. सरावाला घालता यावेत म्हणून त्यांना नावं काढून हवी होती. आनेमाइन सगळ्यांचे सूट घेऊन आली आणि मंजूषानं तिच्यासमोरच एकेक अक्षर सोडवलं. मी तिथे होते. आजवर तिनं नाव काढलं की त्या जागी दुसरं बसवायचं असायचं. या वेळी काहीच बसवायचं नव्हतं. मांडीवर थोडं गडद, धुऊन न विटलेलं निळं कापड उरलं. आनेमाइननं त्यावरून हात फिरवला.

"पुढच्या वर्षी?" मंजूषानं विचारलं.

"उत्तरेला फ्रीसलंडमधल्या एका संघाशी बोलणं चाललंय. ट्रॅक्टरवाले आहेत. तिकडे पैसे बरे आहेत, पण रोज तीन तास प्रवास."

"जाशील?"

"बर्फ तिकडेच आहे," आनेमाइन म्हणाली आणि सूट बॅगेत भरायला लागली. मंजूषानं तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. चहा केला, तोही दोघींनी उभ्यानंच प्याला.

आनेमाइन हिवाळ्यापासून त्या संघाकडून धावते आहे. खेर्बन आता नातवंडांना स्केटिंग शिकवतात. लेंडर्ट अधूनमधून मंजूषाकडे येतात, कारण काही नसतं, गप्पा मारून जातात.

मंजूषानं औद्योगिक वसाहतीत एक छोटा गाळा घेतला आहे. दोन प्रेस आहेत. मदतीला नीलांबरी नावाची नाशिकची मुलगी आहे, तीही नवऱ्यामागोमाग आलेली. खिडकीतल्या जुन्या पाटीवरचा मजकूर बदललाय, पण ब्लाउज ती अजूनही सैल करून देते, फक्त आता वेळ घेऊन यावं लागतं.

परवा आमच्याकडे सगळे फुटबॉलचा सामना बघायला जमले होते. शेवटची शिट्टी वाजली आणि दोन खेळाडूंनी अंगातले शर्ट काढून अदलाबदल केली. सगळे स्कोअरवर वाद घालत होते. मंजूषा पुढे सरकून बसली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "याच्या अंगावर आता त्यांची विमा कंपनी. आणि कॅमेरा अजून चालूच आहे."

"मग काय झालं?" श्रीधर म्हणाला.

"याच्या बँकेनं याच्या छातीचे पैसे भरलेत की. हे करारात लिहिलेलं असतं का रे?"

कुणालाच माहीत नव्हतं. तिनं मोबाइल काढून मिरेयला मेसेज टाकला आणि उत्तराची वाट बघत चिवड्याची वाटी जवळ ओढली.