चपलांचं अर्धगुणसूत्री विभाजन

आमच्या गावच्या शाळेत अर्धगुणसूत्री विभाजन सरांनी डोळे मिटून शिकवलं आणि आम्ही डोळे मिटून ऐकलं. त्या सरांची नक्कल मी अजून करतो. लालबागला चाळीतल्या एका खोलीत मी संध्याकाळी आठवीला विज्ञान शिकवतो, तिथे त्या नकलेला लय डिमांड आहे. पोरांच्याही नकला करतो. पहिल्या रांगेतली एक मुलगी बोलायच्या आधी डावा कान ओढायची आणि मग, "म्हणजे कसं आहे ना सर..." ही माझी हिट नक्कल.

त्या दिवशी तिने कान ओढला. "म्हणजे कसं आहे ना सर, दादा म्हणतो मला बोहारणीकडून घेतलंय. आईने जुन्या साड्या दिल्या, तिने टोपावर मला फ्री दिलं."

वर्ग खिदळला.

"दादाचे केस कुरळे, माझे सरळ. घरात कोणाचे डोळे घारे नाहीत, माझेच आहेत. मग मी कोणाची?"

बोहारणीच्या आवाजात उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण ती हसत नव्हती. खालचा ओठ दाताखाली धरून बसली होती. मी उत्तर गिळलं आणि सगळ्यांना गॅलरीत काढलं. तिथे आख्ख्या बॅचच्या चपला.

"हा ढीग म्हणजे तुझी आई," मी म्हटलं.

"सर!"

"अगं, समज. प्रत्येक जोड म्हणजे गुणसूत्रांची जोडी. डावी चप्पल आईला तिच्या आईकडून मिळाली, उजवी तिच्या बाबांकडून. आता डोळे मीट आणि प्रत्येक जोडीतली एकच उचल."

तिने एकेक करत अर्ध्या चपला बाजूला काढल्या. हे तिच्या वाट्याचं. मग सगळं परत जागेवर ठेवलं आणि दादाच्या नावाने पुन्हा उचलायला लावलं. या वेळी भलत्याच चपला आल्या.

"आई तीच, वाटा वेगळा. बाबांकडूनही असाच अर्धा येतो. आणि एखादी चप्पल ढिगाच्या तळाशी गप पडून असते, दोन पिढ्या दिसत नाही. घारे डोळे असेच येऊ शकतात."

"येऊ शकतात की आलेत?" तिने विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. "ओ मास्तर, चपलांचं दुकान काढलंत काय? पाणी आलंय!" आणि झाडूने सगळ्या चपला कोपऱ्यात लोटल्या. क्लास सुटला. पोरांनी पायाला लागेल ते घातलं आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना दारात एक गृहस्थ उभे. हातात एक भलीमोठी निळी स्लीपर.

"बाबा, तुम्ही कशाला आलात?" पहिल्या रांगेतून ती पुटपुटली.

गृहस्थांनी स्लीपर काखेत धरली, डावा कान ओढला आणि लेकीकडे बघत म्हणाले, "म्हणजे कसा आसा ना मास्तरानू, चेडू माझा घराक इला ता दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. पोरं बाकांवर लोळत होती. "सर, तुमच्यापेक्षा भारी केली!" मागून एक ओरडला. बाबा बिचारे गोंधळून परत कान ओढायला लागले, तसा आणखी दंगा.

मी शिक्षक म्हणून खुलासा केला, "हे बघा, कान ओढणं काही गुणसूत्रांतून येत नाही. ते घरात बघून बघून लागतं."

"चालेल सर," ती म्हणाली. "गुणसूत्रं मी पेपरात लिहीन."

मग बाबांकडे वळली. "बाबा, दादा कधी कान ओढतो?"

"नाय गो. कित्या?"

"काही नाही. आज घरी जाऊन त्याला विचारते, तो कुठल्या टोपावर आला."